फटाक्यातला ‘फट्’

दिवाळी जवळ आली की वाशीमच्या बाजारात फटाक्यांची दुकाने लागतात. लवंगी, आपटबार, सुतळी बॉम्ब ही नावे तुम्हांला तोंडपाठ असतील. पण ‘फटाका’ हा शब्द कसा तयार झाला, याचा विचार केला आहे काय?

हा शब्द ध्वनीवरून आला. ‘फट्’ असा आवाज करतो तो फटाका. जशी फटफट करणारी ती फटफटी. गंमत अशी, की दाराच्या चिरेलाही आपण ‘फट’च म्हणतो. ‘तड्’ असा आवाज होतो आणि काचेला ‘तडा’ जातो. इंग्रजी ‘फायरक्रॅकर’मधील ‘क्रॅक’ म्हणजे आवाजही आणि तडाही! आवाज आणि चीर यांची ही जोडी का बरे जमावी?

उत्तर पदार्थविज्ञानात आहे. साध्या फटाक्याची दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. ती उघड्यावर पेटली तर भर्रकन जळून जाते; मोठा आवाज होत नाही. तीच कागदाच्या घट्ट वेष्टनात कोंडली, की जळताना निर्माण होणाऱ्या तप्त वायूंचा दाब वाढत जातो. अखेर वेष्टन फाटते, वायू एकदम बाहेर पडतात आणि हवेत दाबाची लाट उठते. ती कानावर आदळली की ‘फट्’! भुईनळ्यातही दारूच जळते. पण त्याचे तोंड उघडे असते, म्हणून तो ठिणग्या उडवतो, फुटत नाही.

खात्री करायची आहे? कागदी पिशवी फुगवा, तिचे तोंड मुठीत आवळा आणि दुसऱ्या हाताने थाप मारा. दारू नाही, विस्तव नाही, तरी आवाज होतोच!

चीनमध्ये पूर्वी लोक बांबू विस्तवात टाकीत. पेरांत कोंडलेली हवा व वाफ तापली की बांबू फुटे. दारूचा शोध तेथे नवव्या शतकाच्या सुमारास लागला. पण चिनी भाषेत फटाक्याला आजही ‘फुटणारा बांबू’ अशा अर्थाचाच शब्द आहे. दारूला मात्र ते ‘आगीचे औषध’ म्हणतात. आपला ‘दारू’ हा शब्द फारसी, आणि त्याचाही मूळ अर्थ औषध!

आपले वाशीम ‘वत्सगुल्म’ या नावाने वाकाटकांची राजधानी होते, तेव्हा दारूचा शोधच लागलेला नव्हता. मग फटाके कोठून असणार? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी भारतातील शोभेच्या दारूचा इतिहास लिहिला, तो इ. स. 1400 पासून सुरू होतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. दाबाची ही लाट कानाला इजा करू शकते. म्हणून 1999 च्या नियमानुसार, फुटल्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबेलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांना बंदी आहे. तसेच न वाजलेल्या फटाक्यावर वाकून कधीही पाहू नका. वात विझलेली दिसली तरी आत दारू धुमसत असू शकते, आणि ‘फट्’ होण्यापूर्वी दाब आवाज न करताच वाढत असतो.