ट्रान्समिशन कूलर
ट्रान्समिशन कूलर हे स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल थंड करणारे, रेडिएटरसारखे दिसणारे छोटे उपकरण होय. अशा गिअरबॉक्समध्ये इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलामार्फत पुढे जाते. त्यातील दोन चक्रांच्या वेगांत फरक पडला की तेल तापते. पुण्यात सदाशिव पेठेतून टिळक रस्त्याने मुंगीच्या गतीने सरकताना, किंवा कात्रज व खंडाळ्याचा घाट चढताना, हा फरक वाढतो. तेल दीर्घकाळ १२० अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास ते काळवंडते आणि रबरी सील कडक होतात.

बहुतेक गाड्यांत हे तेल रेडिएटरच्या टाकीतच थंड होते. अतिरिक्त कूलर सहसा त्यानंतर, परतीच्या नळीवर जोडतात. नळी तेल व उष्णता सहन करणारीच हवी. येथील काटकसर महागात पडते, कारण नळी सुटल्यास सारे तेल रस्त्यावर सांडते. वेगात असताना समोरचा वारा पुरतो. पंख्याची खरी गरज भासते ती गाडी खोळंबल्यावर. म्हणून पंखा तापमानानुसार चालणाऱ्या स्विचवर, रिले व फ्यूजसह जोडतात. त्याच्या हवेची दिशा रेडिएटरच्या पंख्याशी जुळती ठेवतात.

भारतात २०१४ मध्ये आलेल्या मारुती सुझुकी सेलेरिओपासून रुळलेल्या एएमटी गाड्यांना हे लागू नाही. त्या ‘ऑटोमॅटिक’ म्हणवल्या जात असल्या, तरी त्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसून साधाच क्लच असतो. घाटात तो जळल्याचा वास आल्यास कूलरचा उपयोग नाही. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून न धरता ब्रेक लावणे, हाच उपाय.