कीर्तनाच्या विटा

अमरावती जिल्ह्यात भातकुलीच्या बाजूला पूर्णेच्या काठावर ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी इथे मुद्गलेश्वराची यात्रा भरते. कडाक्याची थंडी, पहाटे आंघोळीला उतरणारी गर्दी आणि काळ्या मातीचा निसरडा उतार. वऱ्हाडातली माती ओली झाली की कशी पायाला गोळा होऊन बसते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शंभरेक वर्षांपूर्वी घसरणारी ती माणसं पाहून चिंध्या पांघरलेला एक माणूस टोपल्यांनी भर टाकू लागला. त्याला पाहून आणखी चारदोन हात लागले. यथावकाश तिथे पायऱ्यांचा घाट झाला, धर्मशाळा झाली आणि यात्रेत आंधळ्यापांगळ्यांना जेवण आणि कपडे वाटण्याचा पायंडा पडला. दिवसा टोपली उचलणारा तो माणूस रात्री कीर्तनाला उभा राहत असे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म शेणगावचा, २३ फेब्रुवारी १८७६चा. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं हे गाव. वाढले मात्र मामाकडे, अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. १९०५ साली घर सोडलं ते कायमचं. अक्षरओळख नाही आणि गाण्याची तालीमही नाही. सामान काय, तर हातात काठी नाहीतर खराटा आणि डोक्यावर मडक्याचं खापर.

त्यांच्या कीर्तनाला गाण्याचा कार्यक्रम म्हणावं का, असा प्रश्न संगीतातल्या जाणकाराला पडेल. पूर्वरंग-उत्तररंगाची शिस्त त्यात नव्हती. सुरुवात नामगजराने, मग संतांचे अभंग आणि अभंगाच्या मधेमधे श्रोत्यांना प्रश्न. कर्ज काढून लग्न कशाला करता, नवसाला बकरं का कापता, पोराला शाळेत का घालत नाही. सगळं अस्सल वऱ्हाडीत. बाबा विचारत आणि समोरच्या हजारोंनी एका आवाजात उत्तर द्यायचं. लय सुटतेय असं वाटलं की पुन्हा गजर. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून आज ते ऐकता येतं. ऐंशी वर्षांचा थकलेला आवाज, तरी श्रोत्यांकडून उत्तर वसूल केल्याशिवाय पुढे सरकत नाही.

वसुली हा शब्द इथे मुद्दामच वापरला आहे. कारण या कीर्तनांतून जे उभं राहिलं, त्याची यादी एखाद्या सरकारी खात्याला शोभेल अशी आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा, मूर्तिजापूरचं गोरक्षण, घाट, सदावर्तं, पुढे शाळा आणि वसतिगृहं. पंढरपुरात ज्यांना कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, त्या दलित वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

पैसा यायचा कसा? शेतकऱ्याच्या कनवटीतून आणि शेठजीच्या तिजोरीतून, दोन्हीकडून. पण तो बाबांच्या हातात पडत नसे. पायावर डोकं ठेवणाऱ्याला काठी दिसायची आणि पैसे पुढे करणाऱ्याला बांधकामाची जागा दाखवली जायची. संस्थांचे विश्वस्त नेमले, कागद केले आणि त्या कागदांत स्वतःचा किंवा वारसांचा हक्क ठेवला नाही. ज्याच्या गावात कीर्तन, त्याच्याकडे पंगतीला न बसता भाकरी मागून खायची. परीट समाजात, हातावर पोट असलेल्या घरात जन्मलेल्या माणसाला पैशाचा वास किती दूर जातो हे नेमकं ठाऊक असणार. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिले आणि त्यांनी बाबांवर पुस्तक लिहिलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनीही चरित्र लिहिलं. दोघंही सहजी भारावून जाणारे लेखक नव्हते.

मदतीसाठी गाणं म्हटलं की शहरी वाचकाला आठवते न्यूयॉर्कची १ ऑगस्ट १९७१ची मैफल. बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकरांनी गळ घातली आणि जॉर्ज हॅरिसनने मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवलं. तिकिटांचे पैसे युनिसेफला पोचले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाची मोठी कमाई अमेरिकी करखात्याच्या कचाट्यात कित्येक वर्षं अडकली, कारण संस्थेची कागदोपत्री व्यवस्था कार्यक्रमाच्या आधी लावायची राहून गेली होती. हेतूत खोट नव्हती, आधीचं काम कच्चं होतं. आपल्याकडच्या ‘मदतनिधी संगीत रजनी’चं दुखणंही बहुधा हेच असतं. मंडप, साऊंड, पाहुण्यांची हॉटेलं यांचा हिशेब चुकता झाल्यावर निधीच्या वाट्याला काय येतं, ते आयोजकाच्या चेहऱ्यावर वाचावं.

गाडगेबाबांच्या पुढची पिढी वाद्य घेऊन आली. यावलीच्या माणिक बंडोजी इंगळेंची, म्हणजे तुकडोजी महाराजांची खंजेरी. लाकडाचं कडं, एका अंगाला ताणलेलं कातडं, कडेच्या खाचांत झांजा. पावसाळी हवेत कातडं सैलावलं की शेकोटीशी धरून तापवायचं. एका हातात धरून दुसऱ्याने वाजवता येणारं, सायकलच्या हँडलला अडकवून गावोगाव नेता येणारं हे वाद्य गरिबाला परवडतं आणि त्याचा आवाज लाऊडस्पीकरशिवाय चावडीभर पुरतो. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी खंजेरी उचलली आणि भजनासोबत ग्रामसफाई, सामुदायिक प्रार्थना, व्यायाम हेही उचललं. १९४२च्या आंदोलनात चिमूर पेटलं, तेव्हा सरकारने या भजनांचा धसका घेऊन महाराजांना तुरुंगात टाकलं. विनोबांच्या भूदानासाठी त्यांनी भजनांतून जमीन मागितली. १९६२ आणि १९६५च्या युद्धांत तीच खंजेरी जवानांपुढे वाजली.

खंजेरी आज मुकी झालेली नाही. अकोट तालुक्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज एकट्याने सात खंजेऱ्या वाजवतात. कीर्तनाचा विषय मात्र दारू, हुंडा, गावची घाण. ठेक्यावर हसवत हसवत ते गावाच्या वर्मावर बोट ठेवतात. वऱ्हाडाच्या वेशीपलीकडे, वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमट्यांनी ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. तिथे गाणारे-वाजवणारे स्वतःच कुष्ठमुक्त, अंध, अपंग. ज्यांच्यासाठी इतरांनी गावं अशी रीत, त्यांनीच आपल्या संस्थेसाठी रंगमंच गाठला.

मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घेणारे गावाकडचे रोगी आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. बाबा २० डिसेंबर १९५६ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी गेले. आंबेडकरांना जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. दादरची इमारत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली, म्हणजे तिथला मुक्काम त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या कामाचा आहे.

दिवाळीच्या आठवडाभर आधी, आश्विन वद्य पंचमीला, मोझरीत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. सोयाबीन नुकतं निघालेलं, कापूस फुटायला लागलेला, तरी शेतं सोडून माणसं येतात. दिंड्या, टाळ, गावागावांच्या खंजेऱ्या, सारा परिसर घुमत असतो. दुपार कलली की घड्याळाकडे नजरा लागतात. ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांनी देह ठेवला, त्या क्षणाला मौन पाळायचं. बोटं कातड्यावर आडवी ठेवली जातात, म्हणजे चुकून एखादी झांजही किणकिणायला नको.