गेल्या तीस दिवसांत किती तेल लागले?

भारतातील कुटुंबे कशावर किती खर्च करतात, याची नोंद राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून घेत आली आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही यंत्रणा निवडक गावे व शहरी वस्त्या आणि त्यांतली मोजकी घरे गाठते. खर्चाच्या पाहणीत भर कमाईवर नसतो. शेतकरी किंवा रोजंदारीवरचा मजूर वर्षाची कमाई नेमकी सांगू शकत नाही, आणि ज्यांना ती ठाऊक असते ते सहसा सांगत नाहीत. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची मोजणी मांडली, ती याच पाहणीतील १९६०-६१ च्या खर्चाच्या आकड्यांवरून. त्यांची रेषा खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये होती.

या डोलाऱ्याचा भार एका साध्या प्रश्नावर आहे: किती दिवसांचा खर्च विचारायचा? महिनाभराचे विचारले, तर भाजीपाला, फळे, बाहेर घेतलेला चहा विसरला जातो. आठवड्याचे विचारले, तर दहा दिवसांपूर्वी भरलेले सामानही लोक त्याच आठवड्यात मोजतात. पन्नाशीच्या दशकात झालेल्या चाचण्यांत तीस दिवसांचा काळ अधिक भरवशाचा ठरला आणि पुढे अनेक दशके तोच चालला. नव्वदीत काही फेऱ्यांमध्ये वेगवेगळ्या घरांना वेगवेगळा काळ देऊन पाहिला. खाद्यपदार्थांसाठी सात दिवस आणि कपडे, शिक्षण अशा बाबींसाठी वर्ष धरल्यावर नोंदलेला खर्च इतका वाढला, की गरिबांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. कोणाच्या ताटात एक घासही वाढला नव्हता.

पुढच्या, १९९९-२००० च्या फेरीत एकाच घराला सात आणि तीस दिवस, दोन्ही शेजारच्या रकान्यांत विचारले गेले. उत्तर देणाऱ्याने, किंवा लिहून घेणाऱ्याने, एका आकड्याचा मेळ दुसऱ्याशी घातला असावा. परिणामी उदारीकरणाच्या दशकात गरिबी किती घटली, यावरचा वाद वर्षानुवर्षे चालला. नंतर काळ वस्तूप्रमाणे ठरवण्याची रीत आली: धान्य-डाळींना महिना, तेल, भाज्या, अंडी-मासळीला आठवडा, कपड्यालत्त्याला वर्ष. ही तडजोड समंजस आहे. मात्र तिच्यामुळे जुन्या आकड्यांशी थेट तुलना तुटली.

अडचणी तेवढ्याच नाहीत. तेंडुलकर समितीच्या रेषेने २०११-१२ मध्ये २१.९ टक्के लोक गरीब ठरले, तर रंगराजन समितीने नवी रेषा आणि वस्तूनिहाय काळ धरून २९.५ टक्के सांगितले. २०१७-१८ ची पाहणी झाली, पण गुणवत्तेचे कारण देऊन सरकारने तिचे निष्कर्ष प्रसिद्धच केले नाहीत. दशकभर देशाकडे खर्चाचा ताजा अधिकृत आकडा नव्हता. ही उणीव कोणत्याही स्मरणदोषापेक्षा मोठी म्हणावी लागेल.

२०२२-२३ मध्ये पद्धत पुन्हा बदलली. लांबलचक प्रश्नावलीने माणसे कंटाळतात, म्हणून खाद्यपदार्थ, सेवा व नित्य वापराच्या वस्तू आणि टिकाऊ वस्तू यांच्या तीन प्रश्नावल्या तीन महिन्यांत, टॅबलेटवर, भरून घेतल्या. माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ आणि शहरी भागात ६,४५९ रुपये निघाला. २०११-१२ पासूनची वाढ किती खरी आणि किती तीन खेपांमुळे, हे वेगळे काढणे कठीण आहे. श्रीमंतांचा खर्च निसटतो ही जुनी तक्रारही होतीच. म्हणून शहरांत १० लाखांहून महाग गाडी बाळगणाऱ्या घरांचा वेगळा गट पाडून त्यातूनही घरे निवडण्यात आली.