सुट्टीत पोरांना मॅच दाखवायचीय? मग आयपीएलच कशाला हवी!

सांगवी : शाळेला सुट्टी लागली की पोरांचा हट्ट सुरू होतो, मॅच बघायला न्या म्हणून. आयपीएलच्या तिकिटाचा दर बघितला की चौघांच्या घराचा हिशोब तिथंच फिसकटतो. मग टीव्हीवरच भागवायचं.

पण प्रत्यक्ष खेळ बघितल्यानं काय होतं, याचं उदाहरण आपल्या सांगवीतच आहे. जुन्या सांगवीत वाढलेला ऋतुराज गायकवाड लहानपणी स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर गेला होता. नोव्हेंबर २००३, ऑस्ट्रेलिया विरुद्ध न्यूझीलंड. ब्रेंडन मॅकलमनं मारलेला स्कूप डोक्यात बसला आणि तिथून क्रिकेटचं वेड लागलं, असं त्यानं सांगितलंय. पुढं तो थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत शिकला आणि २०२२ मध्ये विजय हजारे स्पर्धेत त्यानं एका षटकात सात षटकार मारले. सगळ्यांची पोरं ऋतुराज होणार नाहीत, पण सुट्टीतला असा दिवस त्यांच्या लक्षात राहतो.

आता खर्चाचं. तिकिटाइतकाच खिसा कापतो तो परतीचा प्रवास आणि आतलं खाणं. गहुंजेचं मैदान मावळ तालुक्यात, एक्सप्रेसवेजवळ. जाताना दापोडीहून लोणावळा लोकलनं देहूरोडला उतरून रिक्षा करता येते. रात्री मॅच सुटल्यावर मात्र रिक्षावाला म्हणेल तो भाव. मोठ्या सामन्याला डबा आणि पाण्याची बाटलीही सहसा आत नेऊ देत नाहीत.

म्हणून रणजीचा विचार करा. महाराष्ट्राचे काही सामने गहुंजेतच होतात, बहुतेक वेळा प्रवेश मोफत असतो आणि खेळ उजेडातच संपतो. साखळी सामना चार दिवस चालतो, त्यामुळं एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी असणाऱ्यालाही जमतं. गर्दी नसल्यानं सीमारेषेजवळ बसता येतं, खेळाडू एकमेकांना काय ओरडतात तेही ऐकू येतं. हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. वेळापत्रक बीसीसीआयच्या संकेतस्थळावर बघून दिवाळीच्या सुट्टीशी जुळवा. टोपी न्या, बऱ्याच जागांवर छप्पर नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी महाराष्ट्र प्रीमियर लीग असते. २०२४ आणि २०२५ मध्ये ती जूनच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झाली, म्हणजे शाळा उघडायच्या आत. तिकीट आहे की प्रवेश मोफत, ते निघण्याआधी विचारून घ्या. पावसाचा भरवसा नाही, हेही लक्षात ठेवा.

त्याहून जवळ नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम. डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा इथंच झाली. दापोडीहून मेट्रोनं संत तुकारामनगरला उतरायचं, पुढं थोडंच अंतर.

आणि सगळ्यात स्वस्त म्हणाल तर गावच्या यात्रेतला आखाडा. चैत्र-वैशाखात खेड, मावळ, मुळशीत यात्रा सुरू असतात. बघायला तिकीट नाही, इनाम गावाच्या वर्गणीतून आणि देणगीदारांकडून येतं. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरी झालेला शिवराज राक्षे आपल्याच खेड तालुक्यातला, राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा. मानाची कुस्ती शेवटी लागते, तोवर अंधार पडतो. पोरांना घेऊन मात्र दुपारीच जावं. सुरुवातीला बारक्या पोरांच्या कुस्त्या असतात, कुठं रेवड्यांवर, कुठं नारळावर. आपल्या पोरानं सदरा काढून आत उडी मारली, तरी त्याला कोणी अडवत नाही.