छत उघडं, रस्ता रोजचा

सकाळचे पावणेसात. गाडीत बसायचं, समोरच्या काचेच्या वर मधोमध असलेला खटका ओढायचा, छताची पुढची पट्टी धरून खांद्यावरून मागे न्यायची आणि ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत दाबायची. बसल्या जागेवरून, एका हाताने, दहा सेकंदांत गाडी उघडी होते. मग हीटर पायांकडे वळवायचा, कानटोपी घालायची आणि ऑफिसला निघायचं. पावसाचे आणि धुराचे दिवस सोडले, तर गेली सहा वर्षं माझा कामाचा दिवस असाच सुरू होतो.

मी कॅलिफोर्नियात राहते, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला असलेल्या फ्रीमाँट शहरात. नोकरी प्लेझंटनमधल्या एका प्रयोगशाळेत. गाडी २०१६ सालची माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला सगळे मिआटा म्हणतात. दोनच सीट, कापडी छत, हाताने टाकायचे गिअर. ही गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने विचारलं, “शनिवार-रविवारी फिरायला का?” उघडी गाडी म्हणजे हौस, हौस म्हणजे सुट्टीचा दिवस, असं आपण धरूनच चालतो. मीही तसंच धरलं होतं. सहा वर्षांनंतर माझं मत अगदी उलट झालं आहे. ही गाडी खरी रोजची आहे. सहल ही तिची जास्तीची देणगी.

एकाच रस्त्याची दोन टोकं

माझ्या रोजच्या रस्त्याचा नंबर ८४. हा राज्य महामार्ग पॅसिफिकच्या काठावर सॅन ग्रेगोरिओला सुरू होतो, सांताक्रूझचे डोंगर ओलांडतो, डंबार्टन पुलावरून उपसागर पार करतो, फ्रीमाँटमधून जातो आणि पुढे नाइल्स कॅन्यन नावाच्या खिंडीतून सुनोल गावाकडे निघतो. म्हणजे सोमवार ते शुक्रवार मी ज्या रस्त्याने पूर्वेला कामावर जाते, त्याच रस्त्याने रविवारी पश्चिमेला समुद्रावर जाते.

नाइल्स कॅन्यन हा जुना रस्ता. एका अंगाला अलामेडा क्रीकचा ओढा, दुसऱ्या अंगाला डोंगर. अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे १८६९ साली याच खिंडीतून उपसागरापर्यंत आली. तोंडाशी असलेल्या नाइल्स गावात एसने कंपनीचा स्टुडिओ होता. १९१५ साली चार्ली चॅप्लिनने तिथे काम केलं आणि ‘द ट्रॅम्प’ हा मूकपट याच परिसरात चित्रित झाला. बंद गाडीतून मी इथून चार वर्षं जात होते. ओढा दिसायचा, झाडं दिसायची. पण ही खिंड नाकाने ओळखता येते, हे छत उघडल्यावरच कळलं.

पहिल्या वळणाआधी हवा एकदम गार होते, कारण रात्रीचा गारवा ओढ्याच्या खोलगट भागात साचून राहिलेला असतो. पुढे एका उतारावर बे लॉरेलची झाडं आहेत. त्यांच्या पानांचा वास थेट आपल्या तमालपत्राचा, फक्त जास्त उग्र. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी घरी मसालेभात शिजतोय. संध्याकाळी परतताना त्याच जागी वाळलेल्या गवताचा, कडब्याच्या गंजीजवळ येतो तसा वास असतो. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्याकडे डोंगरांचं जे रूप श्रावणात होतं, ते इथे माघात होतं. जूनमध्ये सह्याद्री हिरवा होऊ लागतो तेव्हा इथले डोंगर वाळून पिवळे पडलेले असतात. हे उलटं पंचांग मला आधी डोक्याने माहीत होतं. आता ते अंगाला माहीत आहे.

झाकण काढलेलं खोकं

सुरुवातीच्या मोटारी बहुतेक उघड्याच असत. पाऊस आला की कापडी टप ओढून घ्यायचा, टांग्यासारखा. बंद पत्र्याच्या गाड्या स्वस्त झाल्यावर, १९२०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत त्यांचंच राज्य आलं आणि उघडी गाडी ही चैन ठरली. १९७६ साली कॅडिलॅक एल्डोराडो ही अमेरिकेतली शेवटची उघडी गाडी म्हणून विकली गेली. गाडी उलटल्यास प्रवाशांचं काय, याबद्दल कडक नियम येणार अशी तेव्हा कंपन्यांना धास्ती होती. पण १९८२ मध्ये क्रायस्लरने उघडी लबॅरन बाजारात आणली आणि उघड्या गाड्या परतल्या. मग फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने मिआटा दाखवली. छोटी, हलकी, साध्या नोकरदाराला परवडेल अशी. हिरोशिमात तयार होणाऱ्या या गाडीने एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखांचा आकडा गाठला. बनवणारे तिच्याबद्दल ‘जिंबा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग वापरतात: घोडा आणि स्वार एकजीव.

छत काढणं दिसतं तितकं सोपं नाही. बुटांचं खोकं घ्या, झाकण लावून दोन्ही टोकांनी पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. दुसऱ्यांदा ते सहज वाकडं होतं. गाडीचं तेच आहे. छत गाडीला ताठ ठेवतं. ते नसेल तर दारांखालच्या पट्ट्या, तळ आणि समोरच्या काचेची चौकट जास्त मजबूत करावी लागते. म्हणून बंद गाडीचं छत कापून तयार केलेली उघडी गाडी बहुधा मूळ गाडीपेक्षा जड असते आणि खड्ड्यात थरथरते. मिआटा पहिल्यापासून उघडी म्हणूनच आखली गेली. त्यामुळे माझ्या गाडीचं वजन साधारण १०५० किलोच भरतं.

वाऱ्याचंही एक गणित आहे. वारा समोरून तोंडावर येईल असं वाटतं, पण केस उडतात ते मागून पुढे. काचेवरून उडी मारून गेलेली हवा सीटच्या मागे खाली उतरते आणि वळसा घेऊन आत शिरते. म्हणून दारांच्या काचा वर ठेवल्या आणि सीटमागे जाळीचा अडसर लावला की आतली हवा बरीच शांत होते. थंडीत काचा वर, हीटर पायांवर आणि छत उघडं ठेवून ८ अंश तापमानातही मी आरामात गेले आहे. त्रास होतो तो जुलैतल्या दुपारच्या उन्हाचा. तेव्हा छत बंद करून एसी लावण्यात काहीही कमीपणा नाही.

वेग वाढवू नका, हेही मी मनापासून सांगेन. उघड्या गाडीत ताशी ६० किलोमीटरलाच पुरेसा वेग जाणवतो आणि तीच तिची गंमत आहे. मोठ्या हायवेवर ट्रकच्या चाकांचा आवाज थेट कानात शिरतो. रोज तो तासभर ऐकणं कानांना बरं नाही. मी तिथे छत लावते.

कणकेची थैली, आईचा पदर

रोजच्या कामाला ही गाडी पुरते का? एकट्याला किंवा दोघांना पुरते. डिकी १३० लिटरची. दोन छोट्या बॅगा मावतात. भारतीय दुकानातून २० पौंडांची कणकेची थैली आणली की ती शेजारच्या सीटवर बसते आणि तिलाही पट्टा लावावा लागतो, नाहीतर कुणीतरी पट्टा न लावता बसलंय असं समजून गाडी टिणटिण करत राहते. शहरात आणि बाहेर मिळून लिटरला १२ किलोमीटरच्या आसपास जाते. घरात मुलं लहान असतील तर ही एकमेव गाडी होऊ शकत नाही. आमच्याकडे दुसरी चार दारांची गाडी आहे, म्हणूनच हे जमतं.

दोन वर्षांपूर्वी आई कराडहून आली होती. वय ७६. तिला रविवारी समुद्रावर न्यायचं ठरवलं. निघण्याआधी मी तिचा पदर नीट खोचून वर जाकीट घालायला लावलं. हा सोपस्कार नव्हे. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या गाडीतून जाताना मरण पावली, कारण तिचा लांब स्कार्फ चाकात अडकला. दुचाकीवर ओढणी सांभाळतो तसंच इथेही सांभाळायचं.

डंबार्टन पुलावर खाऱ्या दलदलीचा वास आला. इथला पहिला पूल १९२७चा, उपसागरावरचा मोटारींसाठीचा पहिलाच. आताचा १९८२चा. पुलापलीकडे वुडसाइड, आणि तिथून वळणावळणाचा चढ. वर स्कायलाइन रस्त्याच्या चौकात अ‍ॅलिसेस रेस्टॉरंटसमोर रविवारी मोटरसायकलींची रांग लागलेली असते. तिथे कॉफी घेतली आणि ला होंडाच्या बाजूने उतरायला लागलो. दोन्हीकडे रेडवूडची झाडं, मान मागे टाकल्याशिवाय शेंडा दिसू नये अशी. छत नसलं की ती दिसतात, आणि पुरती दिसतात.

एका वळणावर आईच्या हातावर थेंब पडला. तिने तळवा पुढे धरला.

“पाऊस आला का गं?”

“नाही गं आई, धुकं गळतंय.”

समुद्रावरून आलेलं धुकं रेडवूडच्या बारीक पानांत अडकतं, त्याचे थेंब होतात आणि खाली पडतात. कोरड्या उन्हाळ्यात त्या झाडांना या पाण्याचा मोठा आधार असतो. काही पाणी पानंच शोषून घेतात. हे मी आईला समजावत होते. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “कोयनेला असंच गळायचं. तुझे बाबा साइटवरच्या जीपचं हूड काढून आपल्याला न्यायचे तेव्हा. तू मांडीवर होतीस, तुला आठवायचं नाही.”

मला खरंच आठवत नव्हतं. बाबा पाटबंधारे खात्यात होते एवढं माहीत होतं. ती जीप मला त्या दिवशी मिळाली.

फ्रीमाँटहून निघालो तेव्हा २९ अंश होते, सॅन ग्रेगोरिओला पोचलो तेव्हा १५. अंतर ७० किलोमीटरच्या आसपास. बंद गाडीत तापमानाचा आकडा फक्त समोरच्या पडद्यावर बदलतो. आम्ही वाटेत दोनदा थांबलो, एकदा आईला शाल द्यायला, एकदा मला स्वेटर घालायला. पुढे पेस्कडेरोला आर्टिचोकचं गरम सूप प्यायलो आणि पिजन पॉइंटच्या दीपगृहाचा मनोरा पाहिला, ११५ फूट उंच, १८७२ सालचा. पण परत आल्यावर आईने फोनवर मावशीला सांगितलं ते त्या गळणाऱ्या धुक्याबद्दल.

निगा राखली तरच

ही गाडी प्रेमाबरोबर लक्षही मागते. छत ओलं असताना घडी घालू नये, बुरशी धरते. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी साध्या पाण्याने काढावी. यंत्राच्या ब्रशखाली गाडी धुवू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. छताच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पावसाचं पाणी खाली सोडणारी भोकं असतात. त्यांत पानं, माती अडकली की पाणी गाडीत उतरतं. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या सीटखालचा गालिचा भिजून कुजकट वास येऊ लागला. कारण शोधायला तीन आठवडे लागले आणि गालिचा वाळायला आणखी दोन. तेव्हापासून मी दर ऑक्टोबरमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आत, मऊ नळी घालून दोन्ही भोकं साफ करते. पाच मिनिटांचं काम आहे. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा सीटमागच्या गालिच्याला हात लावून बघा.

गाडीत मौल्यवान काही ठेवू नये. बॅगेसाठी चोर कापड फाडतात, आणि नवं छत त्या बॅगेपेक्षा कितीतरी महाग पडतं.

धुराचे दिवसही मोजावे लागतात. ऑगस्ट २०२० मध्ये वीज पडून लागलेल्या वणव्यांनी पेस्कडेरोच्या मागचे डोंगर जळाले. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही खिडकीसुद्धा उघडली नाही. तेव्हापासून वणव्याच्या मोसमात छताला हात लावण्याआधी मी हवेचा निर्देशांक बघते.

महाराष्ट्रात अशी गाडी कशी चालेल, असं मला विचारतात. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२०च्या आवृत्तीत उघडणारं कापडी छत मिळत होतं, आणि जुन्या हूडवाल्या जीपा अजून गावोगावी आहेत. एप्रिलचं ऊन आणि भर पावसाळा सोडून द्या. शहरातल्या धुळीच्या चौकात छत लावलेलंच बरं. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ, ऊस तुटत असताना वाईहून पाचवडकडे जाणारा रस्ता, गुऱ्हाळाच्या चुलाणाचा वास, हे उघड्या गाडीचंच हवामान आहे.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर ती कव्हरखाली सहलीची वाट बघत ठेवू नका. मोठी सहल वर्षातून चार वेळा होते, कामावर जाणं दोनशे वेळा. मंगळवारी सकाळी, दूध आणायला जातानासुद्धा, छत काढा. दहा सेकंद लागतात.