राखणदार : भाग ६ – ‘सोड’ म्हटलं की सोडणारं कुत्रं

चिखली रस्त्यावरच्या एका मळ्यात गेल्या आठवड्यात पिल्लं बघायला गेलो होतो. जर्मन शेफर्डची सात पिल्लं, सात आठवड्यांची. सोबत मोताळ्याकडचे एक शेतकरी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. बापाला शेतावर राखणीला कुत्रं हवं होतं. मुलाच्या डोक्यात मात्र मोबाइलवर पाहिलेला रिंगचा खेळ होता. जाडजूड पोशाख घातलेल्या माणसावर कुत्रं धावून जातं, झडप घालून धरतं, तो खेळ. आम्ही जवळ गेलो तशी सहा पिल्लं पायांत आली. सातवं भिंतीला पाठ लावून, मानेवरचे केस उभारून भुंकत राहिलं. “हेच द्या,” बाप म्हणाला, “पाहा ना, आतापासूनच कसं अंगावर येऊन राह्यलं!”

मी घरातून स्टीलचं ताट मागून घेतलं आणि पाच-सहा हातांवर फरशीवर टाकलं. खणखणाट झाला. सगळीच दचकली. त्यातली चार क्षणभरात सावरून ताटाकडे वळली, आणि एक मादी तर अजून थरथरणाऱ्या ताटात पुढचे दोन्ही पाय ठेवून उभी राहिली. भुंकणारं पिल्लू बाजेखाली शिरलं, ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आलं नाही.

पिल्लू दचकलं म्हणून ते बाद होत नाही. दचकल्यावर किती लवकर सावरतं, ते बघायचं असतं. भिंतीला पाठ लावून भुंकणारं पिल्लू शूर वाटतं, पण ते घाबरलेलं असतं. आणि घाबरट कुत्रं मोठं झालं की चोरापेक्षा दूधवाल्याला, पाहुण्यांच्या लेकराला, खुरपणीला आलेल्या बाईला आधी चावतं. आपल्या भागात कुत्रं ‘तेज’ व्हावं म्हणून त्याला मिरची चारणारे, दिवसभर अंधाऱ्या खोलीत साखळीला बांधणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातून तयार होतं ते भेदरलेलं जनावर. पुढ्यात कोण आहे, याचा विचार करण्याइतकं त्याचं मन थाऱ्यावर राहिलेलंच नसतं.

आता तो रिंगचा खेळ काय आहे, ते नीट सांगतो, कारण या जिल्ह्यात त्याबद्दल फार गैरसमज आहे. मूळ खेळ फ्रान्सचा, म्हणून नाव फ्रेंच रिंग. बेल्जियमची स्वतःची रिंग आहे, नेदरलँड्समध्ये पोलीस कुत्र्यांच्या कसोटीची जुनी परंपरा आहे, जर्मनीत शुट्झहुंड आहे, ज्याला आता आयजीपी म्हणतात. पुढे वेगवेगळ्या देशांच्या पद्धती एकत्र करून माँडिओरिंग निघाली. फ्रेंच रिंगमध्ये तीन पायऱ्या असतात : पहिली २०० गुणांची, दुसरी ३०० आणि तिसरी ४०० गुणांची. तिसऱ्या पायरीचं कुत्रं पाऊण तासाच्या आसपास मैदानात असतं, आणि त्या सगळ्या वेळात त्याच्या गळ्यात पट्टासुद्धा नसतो. मालकाच्या हातात दोरी नाही, खिशात खाऊ नाही. त्याच्याजवळ आवाज आणि परत बोलवायला शिट्टी, एवढंच असतं.

त्या वेळात कुत्र्याला मालकाच्या पायाशी चालावं लागतं, दूर उभ्या मालकाच्या हुकमावर बसावं-उठावं लागतं, मैदानात टाकलेला खाऊ नाकारावा लागतो. सव्वा मीटरच्या आसपासचा अडथळा, सव्वादोन मीटरहून उंच फळ्यांची भिंत आणि साडेचार मीटरपर्यंतची लांब उडी, या उड्या वेगळ्याच. धरण्याचे प्रकार या सगळ्याबरोबर येतात, आणि त्यांतला प्रत्येक प्रकार तितकाच सोडण्याचाही असतो.

मला त्यातला सगळ्यात आवडता प्रकार मालकाच्या रक्षणाचा. मालक आणि कुत्रं चालत असतात. समोरून डिकॉय येतो, म्हणजे तो जाड पोशाखातला माणूस. तो थांबतो, हस्तांदोलन करतो, दोन शब्द बोलतो आणि जातो. कुत्र्यानं काहीही करायचं नाही. थोड्या वेळानं तोच माणूस पुन्हा येतो आणि मालकावर हात उचलतो. त्या क्षणी, मालकानं तोंडातून शब्द न काढता, कुत्र्यानं त्याला धरायचं. रामरामाला धरलं तर गुण गेले, आणि फटका बसल्यावर धरलं नाही तरी गेले. नुसती भुंकभुंक शिकवून हे साधत नाही. मनातून शांत असलेल्या कुत्र्यालाच हा फरक कळतो.

दुसरा प्रकार अडवलेल्या हल्ल्याचा. कुत्रं डिकॉयवर सुसाट सोडलेलं असतं, दोन-चार उड्यांचं अंतर उरलेलं असतं, आणि मालक परत बोलावतो. कोणत्या वेळी बोलावणार, हे कुत्र्याला आधी माहीत नसतं. रक्त उसळलेलं असताना मागे वळणारं ते कुत्रं पाहिलं की शिकवणाऱ्याच्या मेहनतीपुढे मान झुकते. आणि वस्तूच्या राखणीत तर मालक दिसेनासा होतो. टोपलीजवळ कुत्रं एकटं, डिकॉय वेगवेगळ्या बाजूंनी येऊन टोपली उचलायला बघतो. जवळ आला तर धरायचं, लांब गेला तर सोडून टोपलीकडे परतायचं. पाठलाग केला की टोपली गेली. शेतावर जागलीला बसलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. एक रोही हुसकावायला धुऱ्यापर्यंत धावलं, की मागून रानडुकरं वावरात शिरतात.

आता कोणतं कुत्रं? रिंगमध्ये जगभर सगळ्यात जास्त दिसतं ते बेल्जियन मॅलिनॉय. मॅलिन, म्हणजे मेखेलन, या गावावरून नाव पडलं. १८९१ मध्ये ब्रसेल्सजवळच्या पशुवैद्यक शाळेतले प्राध्यापक अडॉल्फ रेउल यांनी तिथल्या धनगरी कुत्र्यांचे प्रकार तपासून वेगळे केले, तेव्हापासून ही जात नीट ओळखली गेली. जर्मन शेफर्डचा पाया १८९९ मध्ये कॅप्टन माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी घातला. त्या जातीचं कुत्रं कामाचं राहिलं आहे की दिखाऊ झालं आहे, हे तपासायला शुट्झहुंडची कसोटी निघाली. म्हणजे कसोटी आधी पैदाशीसाठी, खेळ नंतर. आपल्याकडे केंद्रीय राखीव पोलीस दलानं आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांनी मॅलिनॉय घेतली, ती या कामाच्या रक्तासाठीच.

दोन्ही जाती मूळच्या मेंढरांमागच्या. मग आपल्या धनगरांच्या वाड्यावरचं कुत्रं का नको, असा प्रश्न मेहकरच्या एका वाचकानं विचारला आहे. प्रश्न चांगला आहे. युरोपातलं ते कुत्रं मेंढरं हाकायचं, वळवायचं, मेंढपाळाच्या शिट्टीवर थांबायचं. आपलं धनगरी कुत्रं मेंढरं हाकत नाही, राखतं. रात्री लांडगा आला तर मालक झोपलेला असतो. काय करायचं ते कुत्र्यानं स्वतः ठरवायचं असतं. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या अकलेवर जगलेल्या त्या कुत्र्याला शंभर हुकूम शिकवायला जाणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कारवानी किंवा मुधोळ हे डोळ्यांनी शिकार हेरून धावणारे हाउंड. ससा दिसला की ते वाऱ्यासारखे जातात, पण माणसाला धरून ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. ही कुत्री कमअस्सल मुळीच नाहीत. त्यांचं काम निराळं आहे.

आणि ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांना एक कळकळीची विनंती. बोथ्याच्या जंगलात बिबट्या आहे, अस्वल आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरचा वाघ शेकडो कोस फिरून इथं येऊन राहिला होता. कोणतंही शिकवलेलं कुत्रं बिबट्याशी झुंजण्यासाठी नसतं. बिबट्याला कुत्रं म्हणजे आयतं भक्ष्य. रात्री ते खळ्यात साखळीला बांधू नका, जाळीच्या बंद खोपटात घ्या.

पुन्हा त्या मळ्यात येतो. ताटानंतर मी बारदानाची हातभर पट्टी काढली. बाजार समितीतलं फाटकं पोतं धुऊन, कापून ठेवतो मी. पिल्लांसाठी त्यासारखी चांगली वस्तू नाही. पट्टी जमिनीवरून सापासारखी ओढली. ताटात उभी राहिलेली मादी धावली आणि तिनं पट्टी धरली. इथं वाकून बघायचं असतं. काही पिल्लं पुढच्या दातांनी चिमटा घेतल्यासारखं धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. हिनं पार दाढांपर्यंत तोंड भरून घेतलं होतं, आणि मी हलकं ओढलं तशी आणखी आत घेतली. डोळे शांत, शेपटी सैल, गुरगुर नाही. ही पकड शिकवून येत नाही, ती आई-बापाकडून येते. म्हणून पिल्लाआधी त्याची आई बघा, जमल्यास बाप बघा. अनोळखी माणूस आल्यावर आई कशी वागते, हे कोणत्याही कागदापेक्षा जास्त सांगतं. आणि कुत्रं मोठं झालं की उड्या सुरू करण्याआधी कमरेच्या सांध्यांचा एक्स-रे काढून घ्या; शेफर्डमध्ये तो दोष बराच आढळतो.

घरी आणल्यावर पहिले काही महिने शिक्षण म्हणजे फक्त खेळ आणि जग दाखवणं. ट्रॅक्टर, थ्रेशर, आठवडी बाजार, लग्नाचा बँड, पत्र्यावरून चालणं, विहिरीच्या पंपाचा आवाज, हे सगळं लसीकरण पूर्ण होत जाईल तसं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात, त्या काळात ओढाओढीचा खेळ बंद. हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका उमद्या पिल्लाशी मी त्याच दिवसांत पट्टी ओढण्याचा खेळ खेळलो. त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि पट्टी त्याच्या मनात दुखण्याची झाली. वर्ष गेलं तरी त्यानं मनापासून काही धरलं नाही. चूक पूर्णपणे माझी होती आणि तिची किंमत त्यानं दिली.

मग येतं ‘सोड’. बहुतेक लोक इथंच कुत्रं बिघडवतात. कुत्र्यानं धरलं की सोडवायला गळा आवळतात, कान पिळतात, काठी मारतात. कुत्रं सोडतं, पण त्याच्या मनात बसतं ते वेगळंच : सोडलं की वस्तू जाते, वर मारही पडतो. पुढच्या वेळी ते आणखी घट्ट धरतं, धरलेलं असताना मालकाकडे वाकड्या नजरेनं बघतं, घाईघाईनं चघळू लागतं. पकड नासते.

याचा उपाय सोपा आहे, पण धीर लागतो. पट्टीच्या ओढण्यात जीव असतो तोवर ती शिकार असते. तुम्ही ओढणं थांबवा, पट्टी दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट धरून दगडासारखे स्थिर उभे राहा. शिकार मेली. पिल्लू ओढतं, हलवतं, काही होत नाही. कंटाळून ते तोंड उघडतं. त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून पट्टी पुन्हा जिवंत करा आणि त्याला पुन्हा धरू द्या. सोडलं की पुन्हा मिळतं, हे त्याच्या रक्तात उतरलं की मगच शब्द जोडायचा : ‘सोड’. पुढे पट्टीच्या जागी जाड उशी येते, मग स्लीव्ह, म्हणजे हातावर चढवायची जाड बाही, मग डिकॉयचा पूर्ण पोशाख. तत्त्व तेच. डिकॉय गोठतो, कुत्रं सोडतं, डिकॉय पुन्हा पळतो. चांगला डिकॉय हा या खेळातला खरा गुरू. कुत्र्याचं धैर्य कधी वाढवायचं आणि कधी त्याला जिंकू द्यायचं, हे त्याच्या अंगात असावं लागतं. असा माणूस मिळेपर्यंत माणसावरचं धरणं शिकवूच नका. पट्टीचा खेळ आणि हुकूम यांवर दोन वर्षं आरामात जातात.

आपल्या जिल्ह्याचं हवामानही लक्षात घ्यायला हवं. घाटाखाली, खामगाव-नांदुरा-मलकापूरकडे, मार्चनंतर सकाळी आठच्या आत सराव उरकायचा. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच उष्णता बाहेर काढतं. १०१ ते १०२ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. १०६ च्या वर गेलं तर जीव धोक्यात. आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, तिथं उडीचा सराव म्हणजे पाय मोडण्याला आमंत्रण. मुरमाड, सपाट, गवताळ तुकडा शोधा. घाटावर अशी जागा सहज मिळते.

कायद्याचंही सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या जनावरामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २३ जातींबाबत राज्यांना पत्र पाठवलं होतं. ते न्यायालयात टिकलं नाही, पण लोकांच्या मनातली धास्ती खरी आहे. ज्याला रोज तास-दीड तास देता येत नाही, त्यानं मॅलिनॉय घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बांधून ठेवलेलं मॅलिनॉय स्वतःचीच शेपटी कुरतडायला लागतं. राखणीपुरतं हवं असेल तर अंगणात मोकळं फिरणारं, घरच्यांवर जीव असलेलं आपलं गावठी कुत्रं पुष्कळ झालं.

मोताळ्याच्या त्या बापलेकांनी शेवटी ताटात उभी राहिलेली मादी नेली. बाप थोडा हिरमुसला होता. परवा रात्री मुलाचा फोन आला.

“काका, ती पट्टी सोडतच नव्हती.”

“मग काय केलंस?”

“तुम्ही सांगितलं तसं. गुडघ्यात धरून उभा राह्यलो. बाबा म्हणे, दे एक चापट. मी नाही दिली. मनात आकडे मोजत होतो. एकोणतीस झाले अन् तिनं सोडलं.”

“आणि?”

“आणि काय, पुन्हा दिली ना तिले. आता बाबाच खेळून राह्यले तिच्यासंगं.”