सनस्क्रीन : कोणासाठी, कशासाठी?

बऱ्हाणपूरचा उन्हाळा आपणांस नवा नाही. चैत्र सरता सरता तापीकाठचे घाट तापू लागतात आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानी पडतो, "डॉक्टरसाहेब, बाळ काळवंडतंय, सनस्क्रीन लावू का?"

सनस्क्रीन हे रंग उजळविण्याचे मलम नव्हे. सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करणारा तो लेप आहे. त्याने उष्माघातही टळत नाही. त्यासाठी पाणी, सावली व विश्रांतीच हवी. सहा महिन्यांखालील बाळाला तर सावली आणि सुती झबले हेच योग्य.

वेष्टनावरील 'एसपीएफ' हा अंक मुख्यत्वे 'यूव्ही-बी' किरणांसंबंधी असतो. १५ अंकाचा लेप त्यांपैकी सुमारे ९३ टक्के, तर ३० अंकाचा सुमारे ९७ टक्के किरण अडवितो. अंक दुप्पट झाल्याने रक्षण दुप्पट होत नाही. 'यूव्ही-ए' किरणांसाठी 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द पाहावेत. लेप सढळ हाताने लावावा आणि उन्हात असेतो दर दोन तासांनी पुन्हा लावावा.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला मेलॅनिनचे उपजत कवच असते. ज्यांना ते नाही, त्यांचे काय?

काही वर्षांपूर्वी केळीच्या बागेत राबणाऱ्या कुटुंबातील एक मुलगा माझ्याकडे आला. त्याला जन्मजात वर्णहीनता, म्हणजे अल्बिनिझम होता. मी नेत्रतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. उन्हाविषयी मात्र एक शब्दही बोललो नाही. चार वर्षांनी तो पुन्हा आला, तेव्हा मानेवर व कानांवर खरबरीत चट्टे होते, खालचा ओठ भेगाळला होता. आई म्हणाली, "याला उन्हापासून जपायचं, हे आम्हांला कुणी सांगितलंच नाही." मी निरुत्तर झालो. अशा त्वचेत कर्करोग ऐन तारुण्यातही उद्भवू शकतो. सुदैवाने त्वचारोगतज्ज्ञांना तसे काही आढळले नाही. आज तो पूर्ण बाह्यांचा दाट विणीचा सदरा आणि रुंद काठाची टोपी वापरतो. उघड्या भागावर सनस्क्रीन लावतो. खेळाचा तास सकाळी ठेवण्यास शाळेनेही मान्यता दिली.

२०१५ पासून १३ जून हा जागतिक अल्बिनिझम जागृती दिन म्हणून पाळला जातो. सहव्यावसायिकांना माझी एकच विनंती आहे : असे मूल आपल्याकडे आले, तर चष्म्याच्या चिठ्ठीसोबत उन्हाविषयीचे चार शब्दही पहिल्याच भेटीत सांगावेत. मी ते चार वर्षे उशिरा सांगितले.